मामांचं द्राक्ष

आमच्या मामांइतकं नाकाच्या भरवशावर जगलेलं माणूस कर्जतपासून कल्याणपर्यंत दुसरं सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पण लग्नानंतर वर्षभरात ते इतके माझे झाले की हिला आता स्वतःच्या मामांकडे जायचं तर माझ्या ओळखीने जावं लागतं. तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो आणि नाक सर्दीपुरतं ठेवतो. मामांचा सगळा कारभार उलटा. घरात येणारी कुठलीही वस्तू, मग ती कोथिंबिरीची जुडी असो, कोरी चादर असो की कुणाची लग्नपत्रिका, आधी त्यांच्या नाकाखालून जायची आणि मगच घरची व्हायची. हिला बघायला बदलापूरला गेलो तेव्हा मी मामांच्याही पाया पडलो. त्यांनी आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो तसाच ठेवून एक दीर्घ श्वास घेतला आणि हिच्या आईला म्हणाले, "मुलगा सरळ आहे. तेल साधं लावतो." माझं लग्न त्या खोबरेल तेलावर जमलं अशी माझी समजूत आहे, आणि बायकोनेही ती अजून खोडून काढलेली नाही.

मामा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका एसेन्सच्या कारखान्यात होते. एसेन्स म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंत घालायचा वास. आंबा न कापता आंब्याचं सरबत, अननस न सोलता अननसाचा केक आणि केवड्याच्या बनात पाऊल न टाकता केवड्याचं पाणी, हे सगळं तिथल्या पिंपांत तयार व्हायचं. मामा लागले ते पिंपं ढकलायला, आणि पुढे पिंपात काय पडायचं ते ठरवणाऱ्या टेबलापाशी जाऊन बसले. कागदाची अरुंद पट्टी बाटलीत बुडवायची, नाकापुढे हलवायची, डोळे मिटायचे आणि "कच्चा आहे" किंवा "जाऊ द्या" यांपैकी एक बोलायचं, असं ते काम. वास पुष्कळ होते, पण मामांचा जीव द्राक्षात. शाळेबाहेर मिळणारी जांभळी गोळी तुम्ही लहानपणी खाल्ली असेल. चघळली की जीभ जांभळी व्हायची आणि एक गोड, किंचित उग्र वास थेट डोक्यात चढायचा. तो आमच्या मामांचा. निदान आमच्या पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतला तरी त्यांचाच, असं ते सांगत. रस्त्यात पोरं जीभ बाहेर काढून एकमेकांना दाखवताना दिसली की मामा स्वतःच्या नातवाचं गॅदरिंग बघावं तसे थांबून बघत राहत.

या नोकरीपायी मामींच्या संसाराला मात्र कुठलाच वास उरला नव्हता. नाक कोरं राहिलं पाहिजे, हा मामांचा पहिला नियम. त्यामुळे घरात साबणाऐवजी डाळीचं पीठ, देवापुढे उदबत्ती नाही आणि देवाला फूल वाहायचं ते जास्वंदीचं, कारण तिला वास नसतो. मोगऱ्याचा गजरा मामींनी लग्नात घातला तेवढाच. सकाळी लसणाची फोडणी मामा घराबाहेर पडल्यावर पडायची. "दुसऱ्यांच्या घरात सवत येते," मामी म्हणत, "आमच्याकडे नाक आलं." हे त्या मामांच्या समोर म्हणत, आणि मामाही कुणीतरी आपल्या मुलाचं कौतुक करतंय अशा चेहऱ्याने ऐकून घेत.

बाहेर तर त्यांना आवरणं मुश्कील. डोळे मिटून बसले तरी बस कुठे आली ते मामा सांगत. बेल आणि ओला दगड आला की शिवमंदिर, डिझेल आलं की विठ्ठलवाडीचा डेपो, वाळत घातलेले पापड आणि कोऱ्या कापडाची खळ आली की उल्हासनगर. लग्नात श्रीखंडाची वाटी समोर आली की "वेलची मागच्या वर्षीची आहे" एवढं यजमानाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत आणि मग तीन वाट्या संपवत. सगळ्यात वाईट प्रसंग आमच्या एका शेजाऱ्याच्या तेराव्याचा. सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले, फोटोपुढे उदबत्तीचा पुडा पेटलेला, आणि मामा माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाले, "चंदन नाही हो हे, जावईबापू. माणूस इतका चांगला होता, त्याच्याशी असं वागायला नको होतं." मला हसू आवरेना. मी रुमाल तोंडाला लावला आणि त्या घरच्यांनी मला पाणी आणून दिलं.

या सुखी माणसाच्या आयुष्यात एकच काटा होता आणि तो उल्हासनगरात टोचला. तिथे मामांचा एक सिंधी दोस्त होता. सरबतं आणि बर्फाच्या जांभळ्या-नारिंगी कांड्या बनवायचा. सगळे त्याला साईं म्हणत. एका सकाळी दोघं दालपकवान खात बसले असताना साईंनी सहज विचारलं, "मामा, तुमचा माल एक नंबर. पब्लिक पागल आहे. पर सच्ची बोलू का? अंगूर असा नसतो ना. मी रोज घरी खातो. असली अंगूरला कुठे असा वास येतो?" मामांनी प्लेट खाली ठेवली आणि अर्धं पकवान तसंच टाकून घरी आले. त्या दिवसापासून द्राक्षांच्या मोसमात मामी बाजारातून आणतील त्या प्रत्येक घडाची चौकशी बसू लागली. मामा एक मणी चुरडत, हुंगत आणि खाली ठेवत. एकदा निकाल लागला "शीतगृहानं मारला", एकदा "पेटीतल्या कागदानं खाल्ला", एकदा "टेम्पोत उडाला". शेवटी त्यांनी सिद्धान्त मांडला की द्राक्षाचा खरा वास फक्त वेलीवर असतो, तोडलं की जातो. बाजारातली सगळी द्राक्षं चुकीची होती, मामांची बाटली बरोबर होती.

आता बदलापूरहून नाशिक काही लंकेत नाही. गाडीने तीन-चार तासांत माणूस द्राक्षांच्या बागेत उभा राहतो. पण नाशिकचं नाव काढलं की मामांना काहीतरी काम निघे. मी थट्टा करायचो, आणि एकदा त्यांनी मला गप्पच केलं. "जावईबापू, साहेबांनी नमुना दिला, मी तो जन्मभर जुळवला. पण द्राक्षाचा वास हा, असं पहिल्यांदा कुणी ठरवलं असेल हो? त्यानं तरी वेल बघितली असेल का?" जन्मभर ज्याची हुबेहूब नक्कल केली तो मूळ माणूसच जगात नसला तर काय, ही ती भीती होती. जोवर बाग बघितलेली नव्हती तोवर तो कुठेतरी होता. मी पुन्हा थट्टा केली नाही.

मामा निवृत्त झाले. आणि मग सगळ्या जगाला आलेला तो ताप मामांनाही आला. तापातून ते नीट उठले, हिंडूफिरू लागले, सगळे हुश्श म्हणाले. एका सकाळी मामी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या तर जिन्यापर्यंत धूर. गॅसवर दूध आटून, करपून काळं झालेलं आणि त्याच्यापासून चार हातांवर मामा शांतपणे पेपर वाचताहेत. "अहो, दूध," मामी ओरडल्या. मामांनी मान वर केली, धूर बघितला आणि म्हणाले, "करपलं का?" मामी सांगतात, त्यांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, तापाच्या दिवसांतही नाही.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास रोज हुंगत राहा, येईल कदाचित परत. मामा रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी, निलगिरी असा पाट मांडून बसू लागले. लवंग तिखट लागायची, वास नाही. मी एकदा मामींना म्हटलं, आता तुम्ही उदबत्ती लावायला हरकत नाही, गजराही घाला. मामींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला निघालो आहे. "उद्या ते परत आलं," त्या म्हणाल्या, "तर त्याला घर ओळखीचं वाटायला नको का?" घर अजून तसंच बिनवासाचं होतं. आणि मामा चारचौघांत वास येत असल्याचं नाटक करत होते. शिवमंदिराजवळ बेल, डेपोपाशी डिझेल, सगळं पाठ होतं त्यांना.

दोन वर्षांनी, माघाच्या सुमारास, मामांनी स्वतःच नाशिकचं नाव काढलं. "लवंग काय, कुणीही हुंगेल. माझं नाक उघडेल तर द्राक्षानंच उघडेल. वेलीवरच्या." सगळं एकाच डावावर लावलं होतं त्यांनी. तो वास वेलीवर असला तर साईंना उत्तर मिळणार होतं आणि नाकही परत येणार होतं; नसला तर नोकरीही खोटी आणि नाकही गेलेलं. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नका हो नेऊ. निदान आत्ता एकच गेलंय." पण मामांनी तोवर टोपी घातली होती.

आम्ही चौघं निघालो, मी गाडी चालवायला, शेजारी मामा, मागे मामी आणि बायको. उल्हासनगर आल्यावर मामा म्हणाले, "पापड घातलेत वाळत." त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि कुणी एक पापडसुद्धा बाहेर काढला नव्हता. आम्ही तिघंही हो म्हणालो. कसाऱ्याचा घाट चढून वर आलो तशी हवा बदलली, डोंगर उभे कापल्यासारखे सपाट माथ्यांचे झाले, आणि नाशिक ओलांडून धरणाच्या बाजूला वळल्यावर तर बघत राहावं असा मुलूख. उतारावर कंबरेएवढ्या वेलींच्या रांगा, त्या वाइनच्या. सपाटीवर डोक्यावरून जाणारे मांडव, ते खायच्या द्राक्षांचे. मध्येच गव्हाचं पिवळं होत आलेलं शेत, मध्येच धरणाचं पाणी आणि त्यावर ढगांतून पडलेला उन्हाचा तुकडा. मामींनी जन्मात बदलापूरच्या भातखाचरांपलीकडे शेत बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एवढी भांग पाडल्यासारखी शेती कोण करतं?"

आधी आम्ही एका मोठ्या वायनरीत गेलो, कारण पाटी मोठी होती. मामा मंगळवार करणारे, आयुष्यात चहापलीकडे व्यसन नाही. पण वास घ्यायला आडकाठी कसली म्हणून चौघं त्या चाखायच्या टेबलाशी उभे राहिलो. तिथली मुलगी मोठी गोड होती. तिने पेल्यांत दोन-दोन घोट ओतले आणि म्हणाली, "यात तुम्हाला पेरू, ढोबळी मिरची आणि ताज्या गवताचा वास येईल." मामांनी एकदम आपलेपणाने विचारलं, "पेरू कुठल्या कंपनीचा घेता?" ती म्हणाली, "काका, आम्ही बाहेरून काहीच घालत नाही. हे सगळं द्राक्षातूनच येतं." मामांनी समजुतीने मान हलवली. "बरोबर आहे बाळा. आम्हीही बाहेरच्यांना हेच सांगायचो." मग त्यांनी पेला उचलला, किंचित फिरवला, डोळे मिटले आणि असा काही श्वास घेतला की पलीकडची पुण्याची तरुण मंडळी आपले पेले खाली ठेवून त्यांच्याकडे बघू लागली आणि मग त्यांच्यासारखंच करू लागली. एकाने अदबीने विचारलं, "अंकल, क्या आया?" मामा म्हणाले, "पेरू. पण पिकायला अजून दोन दिवस आहेत." सगळे खूश झाले. मामींनी पुढे होऊन त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्या म्हणाल्या, "चला, बाग बघायचीय ना."

बागेत रांगांच्या तोंडाशी गुलाब लावले होते. मामा एका गुलाबावर वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि सरळ होत म्हणाले, "हल्लीच्या गुलाबांना वास नसतो." बायको म्हणाली, "नसतोच मामा." ते पुढे गेल्यावर मी वाकून बघितलं. चांगला होता वास.

रस्त्याच्या पलीकडे एका शेतकऱ्याची खायच्या द्राक्षांची बाग होती. वय झालेला, पटका बांधलेला माणूस, त्याने या बघा म्हणून हात केला. मामांनी देवळात शिरताना काढाव्यात तशा बांधावर चपला काढल्या. मांडवाखाली हिरवा उजेड आणि जिथे तिथे टपोरे घड. मामांनी एक घड न तोडता दोन्ही हातांत धरला, नाक लावलं. मग ते म्हणाले, "तू बघ गं." मामींनी वास घेतला. एक शब्द बोलल्या असत्या तर काम झालं असतं, आणि त्या वेळी मला वाटत होतं की त्यांनी तो बोलावा. पण कच्च्या मालाला "जाऊ द्या" म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. "गोड असतील," त्या म्हणाल्या. "पण तो नाही हो." काळ्या द्राक्षांच्या ओळीत गेलो. तिथेही तो नव्हता. मामा बांधावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "साईं बरोबर बोलला," ते म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

तो शेतकरी आमच्याकडे बघत उभा होता. "काय हुडकतायसा?" त्याने विचारलं. बायकोने सांगितलं, "वासाची द्राक्षं. जांभळ्या गोळीसारखा वास येतो ती." तो हसला. "मंग त्या बंगळुरी आसतील. जुना वाण. बिया लई, साल जाड, आंबट. बाजारात कुनी इचारत नाही. आमच्या म्हाताऱ्यानं विहिरीकडं लावलेल्या, तोडवत नाही म्हून ठिवल्यात. पोरं म्हनत्यात, वास मारतो." मामा उठले नाहीत. आणखी एक नकार ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मामीच निघाल्या, पदर खोचून, त्या माणसाच्या मागे ढेकळांतून. मी त्यांच्यामागे गेलो.

मामी वेलीपर्यंत पोचल्याच नाहीत. विहीर अजून दहा-बारा पावलं पुढे असताना त्या जागच्या जागी थांबल्या. मग मलाही आला. गोड, किंचित उग्र, थेट डोक्यात चढणारा. पलीकडे लहान मण्यांचे, धूळ बसल्यासारखे जांभळे घड लोंबत होते. मामींनी मागे वळून हाक मारली. एरवी हळू बोलणारी बाई, पण ती हाक रस्त्यापर्यंत गेली असेल. "अहो, या. आला."

मामा अनवाणी धावत आले, त्यांच्यामागे बायको. घड ओढून नाकाशी नेला, डोळे मिटले आणि श्वास घेतला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेतकरीही बघत होता, का ते न कळता. मामांनी आणखी एक श्वास घेतला, मग मणी चुरडून आणखी एक. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. नाही. नाक उघडलं नव्हतं. "पण हाच का?" त्यांनी मामींना विचारलं. "नीट बघ. उगाच मला बरं वाटावं म्हणून नको."

मामी म्हणाल्या, "तुम्ही कामावरून यायचात ना, तेव्हा कडी वाजायच्या आधी हा यायचा. शेजारी बोंबील तळत असले तरी यायचा. मी ह्याच्यावर चहाचं आधण ठेवायची. मला विचारताय हाच का?" त्या रडत होत्या आणि पदराने नाक पुसायचं मात्र टाळत होत्या. मामा म्हणाले, "म्हणजे आहे." "आहे." "वेलीवर आहे." "तुमच्यापुढे लोंबतोय." मामांनी तो घड हळूच सोडला. मग विचारलं, "कसा आहे आज? सांग." मामींनी त्यांच्यासारखेच डोळे मिटले. "आधी गोड येतो. मग मागून जरा उग्र." "मागून नाही, बरोबरच येतो. सावकाश घे." मामींनी पुन्हा घेतला. "हो, बरोबरच." मामांनी मान डोलावली आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, पोरांच्या जांभळ्या जिभा बघताना व्हायचा तसा झाला.

मामांचं नाक पुढेही उघडलं नाही. आता घरात येणारी कोथिंबीर मामींच्या नाकाखालून जाते आणि मामा त्यांच्या तोंडाकडे बघून भाव ठरवतात. पण त्या दिवशी परतताना मला हे काही माहीत नव्हतं. शेतकऱ्याने एक खोकं भरून जांभळी द्राक्षं दिली होती, ती मामींच्या मांडीवर होती. मामा हट्टाने मागे त्यांच्याशेजारी बसले होते. कसाऱ्याचा घाट उतरायला लागलो तसा गार वारा सुटला म्हणून मामींनी काच खाली केली. मामांनी लगेच हात पुढे केला. "काच वर घे गं. वास उडून जाईल." मामींनी काच वर घेतली. बंद गाडीत तो वास इतका दाटला की मला पार शहाडपर्यंत शाळेत असल्यासारखं वाटत होतं. मधूनमधून मामा विचारत, "आहे ना अजून?" आणि मामी म्हणत, "आहे."